न्हाई म्हणायचं न्हाई

मित्रांनो, जग म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पृथ्वीचा गोल येत असेल. मी तो नव्हे. मी लातूरचा एक जुना जग आहे, तांब्याचा, पाणी वाढायचा, दीड वीत उंचीचा. माझ्या बरोबरीची भांडी केव्हाच मोडीत गेली. मी अजून कामावर आहे, आणि हे सांगताना माझी मान जरा ताठ होते, तेवढं तुम्ही चालवून घ्या.

माझा जन्म नांदेडला एका तांबटाच्या दुकानात झाला. आमचा जन्म म्हणजे मारच असतो. आधी सपाट पत्रा, मग ठोकून ठोकून पोट, मग गळा, मग चोच आणि शेवटी धरायला कान. तिथून मला धोंडप्पा अप्पांनी उचललं. अप्पांची लातूरला गंजगोलाईच्या बाजारपेठेमागं खानावळ होती. कपाळावर विभूतीचे पट्टे, खांद्यावर पंचा आणि हातात मी, असे अप्पा पंगतीतून फिरायचे. अडते, हमाल, कोर्टाच्या तारखेला आलेली खेड्यातली माणसं, सगळे तिथं जेवायचे. उन्हातून आलेला माणूस टेकला रे टेकला की म्हणायचा, "अप्पा, ताट राहू द्या, पयले पानी वाढा." लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या वर्षी तर अप्पा मला कुणाच्याच हातात देईनात. स्वतः वाढायचे, थेंबाथेंबाला जपून, पण मागणाऱ्याला कधी परत पाठवलं नाही. त्या वर्षी मला जो मान मिळाला तो पुन्हा मिळाला नाही.

मग आमच्या खानावळीतही प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. सील फोडायची, तोंडाला लावायची, चुरगाळून फेकायची. माझी काय गरज? मला माळ्यावर टाकलं. कुणीतरी माझ्यात वाकडे चमचे भरून ठेवले. मी काळा पडलो, अंगावर हिरवे डाग आले. अप्पा वर चढायचे, डबे काढायचे, माझ्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. लई राग यायचा, खरं सांगतो.

पुढं अप्पांनी खानावळ बंद केली आणि औसा रोडला मोठं शाकाहारी हॉटेल टाकलं. काचेचं दार, गार हवा, पिवळे दिवे. माणसांना वळण लावायला रुद्रेश सरांना आणलं. सर मूळचे उदगीरचे, पण हैदराबादच्या बड्या हॉटेलांत बरीच वर्षं काढून आलेले. तोंड दिसेल असे चकचकीत बूट, शर्टाला एक सुरकुती नाही. जुन्या भांड्यांसोबत मीही तिथल्या माळ्यावर येऊन पडलो होतो, तिथं त्यांनीच मला पाहिलं. "हे असं ठेवतात का?" म्हणाले, आणि स्वतः बाह्या सारून चिंचेनं घासलं. मी पुन्हा लाल झालो. उपकार विसरणाऱ्यातला मी नाही, म्हणून आधीच सांगतो, रुद्रेश सर माणूस चांगला. कामात पक्का. पेला दोन बोटं रिकामा ठेवायचा, लहान मुलाचा पेला काठापासून आत सरकवायचा, म्हातारा माणूस खुर्चीतून उठताना आधाराला हात पुढं करायचा पण धरायचा नाही. असलं बारीकसारीक ते जीव ओतून शिकवायचे.

फक्त एका शब्दावर त्यांचा दात होता. तो शब्द म्हणजे ‘न्हाई’.

आता आमच्या भागातली बोली तुम्हाला माहीत असेल तर हसू येईल. आमचा माणूस बोलायला सुरुवातच ‘न्हाई’नं करतो. "लिंबू हाय का?" विचारा, "न्हाई, हाय की! आणू का?" म्हणेल. त्याला काही नाकारायचं नसतं, ती बोलायची आमची तऱ्हा. पण रुद्रेश सरांच्या कानाला ते खटकायचं. "पाहुणा दारात उभा आणि आपण पहिला शब्द नकाराचा बोलतो," ते म्हणायचे. "आजपासून आपल्या हॉटेलात न्हाई म्हणायचं न्हाई." हे सांगताना स्वतःच दोनदा म्हणाले, पण हसायची कुणाची छाती नव्हती. ज्याच्या तोंडून तो शब्द निघेल त्यानं मला काठोकाठ भरून तळहातावर घ्यायचं आणि सगळ्या टेबलांना एक फेरा मारायचा. पाणी सांडलं की दुसरा फेरा. म्हणजे बघा, आयुष्यभर तहान भागवली आणि म्हातारपणी मी शिक्षा झालो.

ही शिक्षा सगळ्यात जास्त भोगली बबितानं.

बबिता मुखेडकडची. लातूरला आधी डाळमिलमध्ये डाळ निवडायला होती. त्या भुशानं तिला खोकला जडला, असा की बोलता बोलता कंबरेत वाकायची. डॉक्टरांनी मिल सोड म्हणून सांगितलं, तेव्हा ती या हॉटेलात आली. इथं आल्यावर खोकला थांबला. महिनाभर शिकायचं, मग ठेवायचं की नाही ते ठरणार. जागा एक आणि शिकणारे दोघं, बबिता आणि हणमंत. हणमंत तिच्याच वयाचा, गुळगुळीत बोलणारा. त्याच्या तोंडून ‘न्हाई’ कधी निघालंच नाही. एकदा एका पाहुण्यानं चिकन मागितलं तर हा म्हणाला, "नक्की सर, बघतो!" आणि भस्म लावून गल्ल्यावर बसलेल्या अप्पांना विचारायला गेला. अप्पांनी त्याच्याकडं असं पाहिलं की पोरगं दिवसभर भांड्यांच्या मोरीतून बाहेर आलं नाही.

पण बबिताचं खरंच जमत नव्हतं. जिभेला जन्माची सवय. तिच्या तळहाताचा घाम माझ्या बुडाला ओळखीचा झाला होता. फेरा मारून आली की मोरीपाशी मला विसळता विसळता पुटपुटायची, "हो सर. हो म्यॅडम. नक्की म्यॅडम." मग माझ्या पोटात आपलं वाकडंतिकडं तोंड बघून म्हणायची, "बबे, पुन्ना मिलमंदी जायचंय का? मग गप हो म्हन." मला फार वाईट वाटायचं. ती जेवणाऱ्याकडं लक्ष देऊन बघायची. कोण डावखुरा आहे, कुणाला तिखट झेपत नाही, हे तिला न सांगता कळायचं. अशी मुलगी परत त्या भुशात जाणार, या विचारानं माझ्यातलं पाणीसुद्धा मला जड व्हायचं.

हळूहळू तिनं साधलं. शेवटचा आठवडा तिच्या तोंडून तो शब्द निघाला नाही. आणि निकालाचा रविवार आला.

येळवस नुकतीच होऊन गेली होती. आमच्याकडं त्या अमावास्येला सगळं गाव शेतात जेवतं. आंबील, बाजरीच्या पिठाचे उंडे आणि भज्जी. तुमच्या ओळखीची तळलेली कांदाभजी नव्हे ती. भज्जी म्हणजे पालेभाज्या, तुरी-वाटाण्याच्या ओल्या शेंगांचे दाणे, बेसन असं सगळं शिजवून घोटून केलेली दाट भाजी. अप्पांनी त्या रविवारी येळवशीची थाळी ठेवली होती. स्वयंपाकघरात पंचफुलाबाई भल्या मोठ्या पातेल्यात डाव फिरवत होत्या. मी शेजारच्या ओट्यावर भरला जात होतो. त्यांनी शेंगदाण्याचं कूट ओंजळीनं घेतलं आणि पातेल्यात सोडलं. "दाण्याबिगर कसली आली भज्जी," असं आपल्याशीच बोलल्या आणि पुन्हा एक ओंजळ टाकली. दोन वेढ्यांत कूट असं मिसळून गेलं की डोळ्यांना दिसेना.

दुपारी हॉटेल गच्च भरलं. रुद्रेश सर खांबाला टेकून उभे. त्यांची नजर एकदा हणमंतवर, एकदा बबितावर. अप्पा गल्ल्यावर. बबितानं मला उचललं.

खिडकीजवळच्या टेबलावर एक आई आणि तिची मुलगी बसली होती. आईचं नाव धम्मप्रिया, किनवट तालुक्यात इस्लापूरला शाळेत बाई होत्या. थोरला मुलगा लातूरला क्लासला होता, त्याला भेटायला आल्या होत्या. मुलगी मंजुश्री, पाचवीतली, तुमच्याच वयाची. दोन वेण्या आणि अखंड बडबड. बबितानं मला वाकवून तिचा पेला भरला, दोन बोटं रिकामा ठेवला आणि हळूच काठापासून आत सरकवला. खांबापाशी रुद्रेश सरांची मान पसंतीनं हलली. ती मी पाहिली, बबितानंही पाहिली.

धम्मप्रियाबाईंनी शेजारच्या टेबलावरच्या वाटीकडं बोट दाखवून विचारलं, "ताई, त्या भज्जीत शेंगदाणे नाहीत ना?"

मित्रांनो, इथं जरा थांबा. बबिताच्या जिभेवर काय आलं असेल सांगा बरं. गावाकडं असती तर म्हणाली असती, "न्हाई ओ, हैत की! कूट टाकलंय." तेच वाक्य तिच्या गळ्यापर्यंत आलं होतं. मी तिच्या हातात होतो, मला ते कळलं. पण त्या वाक्याचं पहिलंच पाऊल ‘न्हाई’वर पडत होतं. सर बघत होते. तिनं तो शब्द गिळला, आणि त्याच्या मागचं सगळंच गिळलं गेलं. हसून, मान लववून, शिकवल्याप्रमाणं ती म्हणाली, "हो म्यॅडम."

तिच्या मनात होतं, हो, आहेत. बाईंनी ऐकलं, हो, नाहीत.

"मग एक थाळी आणि हिला नुसती भज्जी-भाकरी द्या," बाई म्हणाल्या. बबिता मला टेबलावर ठेवून आत गेली.

ती वळल्यावर मंजुश्री आईला बिलगली. "आई, खरंच खाऊ? मागच्यासारखं नाही ना होणार?"

"विचारलं ना मी. नाहीत म्हणाली ती," आई म्हणाली. "लग्नात आपण विचारलं नव्हतं. तू तो लाडू खाल्लास आणि ओठ सुजून श्वास कोंडला. किनवटच्या दवाखान्यापर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आता विचारल्याशिवाय घास द्यायचा नाही, ठरवलंय मी."

मी ऐकलं आणि माझं पाणी जागच्या जागी थरारलं. अहो, आहेत! ओंजळीनं टाकलंय! मला चोच आहे, तोंड आहे, गळा आहे, पण आवाज म्हणून तांबटानं काही घडवलाच नाही. मी तिथं लखलखत उभा राहिलो. शेजारच्या टेबलावरचा माणूस आपल्या बायकोला म्हणाला, "काय झकास जग हाय." त्या वेळी मला ती चकाकी नकोशी झाली.

बबिता आली. तिनं उजव्या बाजूनं वाटी ठेवली, भाकरी ठेवली, पुन्हा मान लववली. भज्जीतून वाफ निघत होती. मंजुश्रीनं भाकरीचा तुकडा मोडला, वाटीत बुडवला, आणि चटका बसला म्हणून हात मागं घेतला. देवा, आज पंचफुलाबाईंचा जाळ मोठा आहे तेवढंच नशीब, असं मला वाटलं. ती फुंकर घालू लागली. बबिता दुसऱ्या टेबलाकडं निघाली होती. निघता निघता तिला माझी आठवण झाली, मी अर्धा रिकामा होतो. भरून आणावं म्हणून तिनं माझ्या कानाला हात घातला.

मंजुश्रीनं तिच्याकडं बघून मान वर केली. "ताई, तुमचं हॉटेल लई भारी आहे. आमच्याकडं सगळ्या भाज्यांत शेंगदाणे असतात. मला काहीच खाता येत नाही. तुमच्याकडं बिनदाण्याची भज्जी मिळते!"

बबिताची पकड माझ्या कानावर घट्ट झाली. "म्हंजी?" ती म्हणाली.

"तिला दाणा चालत नाही हो," बाई म्हणाल्या. "एक कण गेला तरी श्वास कोंडतो. म्हणून तर विचारलं तुम्हाला."

बबिताचं तोंड उघडलं. महिनाभर घोटलेलं बोलणं आधी बाहेर आलं. "एक मिनिट म्यॅडम, मी आपल्याला..." आणि मंजुश्रीचा हात तोंडाकडं निघाला होता.

"न्हाई!" बबिता ओरडली. "न्हाई, न्हाई! खाऊ नगं पोरी! दाणे हैत त्याच्यात!"

तिनं झडप घातली. मी तिच्या हातातून सुटलो आणि फरशीवर आपटलो. माझ्या पोटाला चांगला पोचा आला. वाटी उडाली, भज्जी टेबलावर, खिडकीवर, बबिताच्या पांढऱ्या शर्टावर. भाकरीचा तुकडा पोरीच्या हातातून तिनं अक्षरशः हिसकावून घेतला. जेवणाऱ्यांचे घास हातातच राहिले. गार हवेच्या मशिनचा आवाज ऐकू येऊ लागला.

"खाल्लं का गं? गिळलं का काही?" आई मंजुश्रीला गदागदा हलवत होती.

"नाही आई," पोर रडत म्हणाली. "पण मघा बोट भाजलं ना... ते मी चोखलं."

बाईंनी जमिनीवरून मला उचललं. माझ्यात तळाला पाणी उरलं होतं. त्यांनी लेकीचं तोंड धुतलं, चूळ भरायला लावली, पुन्हा पुन्हा. पाणी संपलं. तोवर मंजुश्रीचा ओठ एका बाजूनं फुगू लागला होता. गळ्यावर लाल चट्टे उठले. ती खोकली. मग परत खोकली आणि तिला श्वास ओढावा लागला.

रुद्रेश सर धावत आले. हैदराबादचं सगळं वळण त्यांच्या अंगावरून गळून पडलं. "अप्पा, गाडीची चावी! बिगीबिगी! सरका ओ, वाट द्या!" उदगीरचा रुद्रेश बोलत होता. त्यांनी पोरीला उचललं, आई मागं पळाली, काचेचं दार आपटलं आणि गाडी गेली.

मी टेबलावर पडून होतो. मित्रांनो, जुन्या भांड्यानं पुष्कळ सोसलेलं असतं. माळा सोसला, वाकडे चमचे सोसले. पण ती दुपार मी कशी काढली ते माझं मला माहीत. पोरगी पोचली का? श्वास चालू आहे का? कुणाला काही ठाऊक नव्हतं. जेवणारे अर्धी ताटं टाकून उठले. हणमंत फडकं घेऊन खिडकी पुसत होता, तेच तेच पुसत होता. पंचफुलाबाई मोरीपाशी येऊन बसल्या आणि आपल्या ओंजळीकडं बघत राहिल्या. बबिता भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्या शर्टावरची भज्जी वाळत चालली होती.

अप्पा तिच्यासमोर आले. "त्या बाईनं तुला विचारलं व्हतं का, दाणे हैत म्हनून?"

बबिताला खोटं बोलता आलं असतं. गर्दीत ऐकू आलं नाही, एवढं म्हणाली असती तरी भागलं असतं. "इचारलं व्हतं," ती म्हणाली. "मी हो म्हनले. मला हैत म्हनायचं व्हतं अप्पा. त्यान्ला न्हाईत असं वाटलं."

"नुसतं हो कामून म्हनलीस मग?"

"न्हाई म्हनायचं नव्हतं ना," बबिता म्हणाली.

अप्पा खाली बसले. "शिवा, शिवा," म्हणत त्यांनी कपाळाला हात लावला. भस्म पुसलं गेलं. मग मान वर न करता म्हणाले, "पोरी, उद्यापासून येऊ नगंस."

तिनं कमरेचा ॲप्रन सोडला, घडी केली आणि माझ्याशेजारी ठेवला. पण दाराबाहेर गेली नाही. फोन येईपर्यंत जाणार नाही, असं तिच्या पायांवरूनच कळत होतं.

ऊन उतरलं तेव्हा फोन वाजला. हणमंतनं धावत जाऊन तो घेतला आणि आवाज मोठा केला. रुद्रेश सर होते. "वाचली," ते म्हणाले. नाक ओढल्याचा आवाज आला. "इंजेक्शन दिलं. श्वास सुरळीत हाय. रातभर ठिवणार हैत नुसतं बघायला." बबिता भिंतीवरून घसरत खाली बसली आणि हमसून हमसून रडली. मी तांब्याचा आहे म्हणून, नाही तर माझंही काही खरं नव्हतं.

पाठोपाठ धम्मप्रियाबाई फोनवर आल्या. त्यांचा आवाज संतापानं कापत होता. "मालक, माझी लेक गेली असती आज तुमच्या हॉटेलात. समजतंय का तुम्हाला?"

"समजतंय ताई. पाया पडतो," अप्पा म्हणाले. "त्या पोरीला आत्ताच्या आत्ता काढून टाकलंय बघा."

मग बाई म्हणाल्या, "काढलं? मग माझ्या लेकीला आता जेवायला कोण देणार?"

"म्हंजी ताई?" अप्पा म्हणाले.

"डॉक्टर म्हणाले, हलकं काही द्या. ती भुकेली आहे. या गावात बाहेरचं काही तिच्या तोंडात घालायची माझी हिंमत नाही. कुणाला विचारू? सगळे हो हो म्हणतील. ती जी ओरडली ना, तिच्या हातचं मी देईन. आज तिच्याइतकं भ्यालेलं माणूस लातुरात दुसरं नसेल. तिला पाठवा."

बबिता उठली. डोळे पुसले, हात कोपरापर्यंत साबणानं धुतले. पंचफुलाबाई मदतीला आल्या तर म्हणाली, "न्हाई काकू, तुमच्या हाताला कूट लागलेलं आसंल. तुमी लांबच बसा." पंचफुलाबाई लांब जाऊन बसल्या. हणमंत दुकानातून नवं पातेलं आणि नवा डबा घेऊन आला. तांदळाची पिशवी नवी फोडली. मऊ भात शिजवला, मीठ टाकलं, बास. मग तिनं मला घेतलं. आतून बाहेरून घासलं, उकळत्या पाण्यानं विसळलं, पुन्हा घासलं. पोच्यात काही अडकलं असेल म्हणून बोट फिरवून फिरवून बघितलं. इतकं कुणी मला कधी घासलं नव्हतं. मग उकळून गार केलेलं पाणी माझ्यात भरलं, तोंडाला स्वच्छ कापड बांधलं आणि आम्ही रिक्षानं निघालो.

दवाखान्यात मंजुश्री उशीला टेकून बसली होती. ओठ अजून जाड होता, पण डोळे टकाटका बघत होते. रुद्रेश सर दाराशी उभे होते, शर्ट बाहेर आलेला, केस विस्कटलेले. धम्मप्रियाबाईंनी डबा हातात घेतला, पण उघडला नाही.

"भांडं कुठलं?" त्यांनी विचारलं.

"नवं कोरं. आजच आनलं."

"तेल?"

"टाकलं न्हाई. शेंगाचं आसतं म्हनून टाकलंच न्हाई. तूप बी न्हाई."

"पाणी?"

"उकळलेलं. जग मी सोता घासलाय."

बाईंनी डब्याबरोबर आलेल्या पिशवीतून चमचा काढला. "आणि हा?"

बबिता थांबली. चमच्याकडं बघत राहिली. हो म्हणणं किती सोपं होतं! चमचा चकचकीत होता, धुतलेला होता. "त्याचं मला सांगता येत न्हाई म्यॅडम," ती म्हणाली. "त्यो हॉटेलातला हाय. हणमंतनं घाईत टाकला आसंल. कशाला लागला व्हता, मला म्हाईत न्हाई. हातानं खाऊ द्या."

बाईंनी तिच्याकडं बघितलं. चमचा बाजूला ठेवला. मग मला उचललं, लेकीचा हात बाहेर धरून माझ्या पाण्यानं धुतला आणि डबा उघडून तिच्या पुढ्यात ठेवला. मंजुश्रीनं घास घेतला. तिनं चावला, गिळला. आई तिच्या ओठाकडं बघत होती, बबिता तिच्या गळ्याकडं. मग पोरीनं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि म्हणाली, "ताई, मीठ कमी आहे."

तेव्हा कुठं बबितानं श्वास सोडला.

बाहेर येताना रुद्रेश सर तिला म्हणाले, "चूक तुझ्याआधी माझी हाय बबिता. अप्पांशी फोनवर बोललोय मी. उद्या सकाळी लवकर ये. कुठं न्हाई म्हणायचं ते आपण बसून ठरवू. जागा तुझी."

"न्हाई सर," बबिता म्हणाली. सर थबकले. "सकाळी पयले मी हितं येनार. पोरीचा डबा घेऊन. हॉटेलात त्याच्यानंतर."

सरांनी मान डोलावली. मी तिच्या काखेत होतो. महिनाभरात पहिल्यांदाच तिचा हात कोरडा लागला.

मित्रांनो, आता आमच्या हॉटेलात नवं माणूस शिकायला आलं की बबिताच त्याला पहिला धडा देते. पाहुण्यानं विचारलं तर नुसतं हो म्हणायचं नाही, आहे की नाही ते पूर्ण वाक्यात सांगायचं, आणि ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणायचं. तेवढं ती शिकवते, मग रुद्रेश सर बाकीचं शिकवतात. माझं तुमच्याकडं एकच मागणं आहे. मधल्या सुट्टीत डबे उघडल्यावर तुमच्या शेजारचं एखादं लेकरू म्हणेल, "मला हे चालत नाही." त्याला चिडवू नका. "थोडंसं खाऊन बघ, काही होत नाही," असा आग्रह करू नका. ते ‘नाही’ म्हणालं की तुमचा घास मागं घ्या, हात धुऊन या, आणि त्याला जे चालतं ते त्याच्याशेजारी बसून खा.